बकरमात टांगलेलं दही

३ मार्च

ती. दादास,
धाकट्या बहिणीचा सा. न. वि. वि.

वहिनीचं पत्र मिळालं. साखर खाली आल्याशिवाय मोतीबिंदूला हात लावणार नाही, असं डॉक्टरांनी तुला ठणकावून सांगितलंय म्हणे. आणि तू काय करतोस? बटणं आणायला म्हणून बाहेर पडतोस आणि मिशीला गुलाबी आइस्क्रीम लावून परत येतोस! निदान बटणं तरी आणावीस रे. इकडे वहिनी रोज सकाळी सुयांत दोरे ओवून टाचण्यांच्या उशीत खोचून ठेवते, तेव्हा कुठे तुझं दुकान चालतं. असं किती दिवस चालवणार? शिंप्याला सुईच दिसेनाशी झाली तर त्याने करायचं काय? मला खरंच भीती वाटते.

तुला गार काहीतरी लागतंच, हे मी लहानपणापासून बघतेय. म्हणून आमच्या दवाखान्याच्या स्वयंपाकघरात करतो ते सांगते. घट्ट दही कापडात बांधून टांगून ठेव. पाणी निथळलं की त्यात अर्धं केळं कुस्करून छान फेट. ताटात कागद घालून ते पातळ पसर, वर स्ट्रॉबेरीच्या आणि संत्र्याच्या फोडी पेर आणि रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेव. सकाळी मोडून तुकडे करायचे. साखरेचा कणही नको. दिवसाला दोनच तुकडे, तेही डॉक्टरांना विचारून. गोळ्या आणि चालणं आहेच.

लोभ असावा, आइस्क्रीमचा नसावा.

तुझी,
भिंगरी

११ मार्च

चि. भिंगरीस,
दादाचे भरघोस आशीर्वाद.

तुझ्या हुकमाप्रमाणे कामाला लागलो. डॉक्टरांनी दोन तुकड्यांना मान हलवली. तुझ्या वहिनीला स्वयंपाकघराबाहेर बसवलं. ती सांगत होती की कापड मी देते. मी म्हटलं, उभा जन्म कापडात गेला, आता कापड कुठलं घ्यायचं ते मला शिकवणार का? मलमल म्हणजे अगदीच लेचीपेची, दह्याच्या वजनाने फाटायची. म्हणून कॉलरच्या आत घालतो ते कडक बकरम काढलं. दुहेरी घेऊन, कडेने टीप मारून, नाडी ओवून अशी झकास पिशवी शिवली की गिऱ्हाइकाला विकावी. दही भरून नळाला टांगली.

पहिल्यांदा बघितलं तर पाण्याचा थेंब नाही. दुपारी बघितलं तर पिशवी मलूल पडलेली आणि बकरमाची सगळी खळ दह्यात उतरलेली. चमचा उभा केला तो पडायला तयार नाही. तुझी वहिनी म्हणाली की आता याला काजं करून बटणं लावा. तरी मी हट्टाने ते गोठवलं आणि एक तुकडा तोंडात टाकला. कवळी अडकून बसली. तुझ्या पाककृतीत खोट आहे.

राग मानू नकोस, मानलास तर कळव.

दादा

ता. क. वन्सं, मी वहिनी लिहितेय. त्यानंतर स्वारी पुन्हा बटणं आणायला निघाली. मी दारात उभी राहिले. भांडले नाही. एवढंच म्हणाले, की माझ्याही डोळ्यांना आता चष्मा आहे, उद्या मलाही दिसेनासं झालं तर सुया कोण ओवणार? हे चपला काढून आत आले आणि मलमल फाडायला बसले.

१७ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र स्वयंपाकघरात मोठ्याने वाचलं. आमच्या मुख्य आचाऱ्याला हसून हसून ठसका लागला. पाककृतीत खोट नाही, दादा, शिंप्यात आहे. वहिनीची ता. क. मात्र मी कुणाला वाचून दाखवली नाही. ती घडी घालून जवळ ठेवलीय.

रागावलेली नाही, हे कळवते.

भिंगरी

२४ एप्रिल

चि. भिंगरीस,
आशीर्वाद, आणि या वेळी जरा ताठ मानेने.

मलमलीतून पाणी बघता बघता निथळलं. लादी अशी सुरेख जमली की मोडवेना. पट्टी घेऊन आखली आणि काटकोनात कापली. दिवसाला दोनच तुकडे खात होतो, पण एक शर्टाच्या पाठीएवढा आणि दुसरा पुढच्या भागाएवढा. तू तुकड्यांचं माप कुठे लिहिलं होतंस? तुझ्या वहिनीने पकडलं. आता मला खिशाच्या मापाचे दोन मिळतात. संत्र्याची फोड कडेला आली की तुकडा जास्त चांगला लागतो, हा माझा शोध. बाहेरचं आइस्क्रीम बंद आहे, मिशी तपासून घे.

रोज फाटकापासून टाकीपर्यंत चालून येतो. काल रक्ताचा निकाल आला. साखर उतरलीय. डॉक्टरांनी डोळ्याची तारीख दिली. घरी येऊन दोघंही उगाचच जरा रडलो.

असाच दरारा ठेव.

दादा

६ जून

चि. भिंगरीस,
आशीर्वाद. हे पत्र मी स्वतः टपालात टाकतोय, वहिनीला कळवू नकोस.

डोळा उत्तम आहे. परवा दोरा तुटला आणि मी पहिल्याच झटक्यात सुई ओवली! टाळी वाजवणार होतो, पण तोंड दाबून बसलो. सकाळी ती चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन माझ्याशेजारी सुया ओवते, तेवढाच वेळ आम्ही दोघं बोलतो. एरवी ती चुलीपाशी आणि मी मशीनवर. ती सकाळ मला सोडवत नाही. म्हणून सांगितलंय, की अजून अंधुकच दिसतं.

तोंड बंद ठेवावे ही विनंती.

दादा

१० जून

प्रिय वन्संस,
स. न. वि. वि.

यांचा डोळा बरा आहे. अजून अंधुक दिसतं म्हणतात. परवा मी मुद्दाम एक सुई रिकामीच खोचून ठेवली. संध्याकाळी ती दोऱ्यासकट कामाला लागलेली होती.

मी दुसऱ्या दिवशी सगळ्या ओवून ठेवल्या आणि यांच्या दोन तुकड्यांतला एक मागून खाल्ला. त्यांना काही सांगू नका हं.

जीव आहेच, तो असाच राहो.

तुमची,
वहिनी