तुळशीरामची मांडी

अमडापूर,
२० मे १९६४

चि. वच्छलेस,

तुह्यं पत्र पोचलं. इकडं समदे बरे हायेत. मायनं कुरड्या टाकल्या. काळी गाय व्याली, गोऱ्हा झाला. तू लिवलं, नर्सिंगात मन लागलं. वाचून बरं वाटलं, असं लिवणार होतो. नाई वाटलं.

शेजारचा हिंमत सुट्टीत आलता. मेडिकलचं पहिलं वर्ष पास. पारावर पोरायले सांगत होता, "मुलाखतीत साहेबानं इचारलं, एवढं रक्त पाहून भेव नाई वाटलं? म्या म्हटलं, नाई." मी उठून घरी आलो.

तुह्या मेडिकलच्या मुलाखतीत काय म्हणाले, ते तू एकदाच सांगतलं होतं. "बाई, तुमचं शिफारसपत्र तर नर्सचं आहे."

ते पत्र डॉक्टरसाहेबाचं नोतं, वच्छला. सही तेवढी त्यायची. तुम्ही दोघं त्यायच्या दवाखान्यात मदतीले जायचे, म्हणून त्यायनं मले सांगतलं, "शेषराव, तुझं इंग्रजी चांगलं. बहिणीचं अन् हिंमतचं तूच टाइप करून आण."

तुह्या पत्रात म्या लिवलं, सालस हाय, आज्ञाधारक हाय, रोग्याची पथारी स्वच्छ ठेवते. लय मायेनं लिवलं, खरं सांगतो. तुले हिंमतहून बावीस मार्क जास्त, ते लिवाचं राहूनच गेलं.

आन तुळशीराम. बाजाराच्या दिवशी बैलानं त्याच्या मांडीत शिंग घातलं. डॉक्टरसाहेब येईपर्यंत अर्धा घंटा तू शीर दाबून धरली. हिंमत मांगं जाऊन ओकत होता. पोरीनं परक्या माणसाची मांडी धरली, हे चार साहेबायपुढं काऊन मांडाचं, असं वाटलं मले. वाया जाऊ नये म्हणून हिंमतच्या पत्रात त्याच्या नावानं टाकलं.

काल डॉक्टरसाहेबाले समदं सांगतलं. नवं पत्र पुढं ठेवलं. म्हणाले, "दोन्हीवर सही माझीच. लबाड कोण ठरेल?"

"मी," म्हटलं.

चष्मा पुसून त्यायनं नवं पत्र वाचलं. मंग म्हणाले, "मांडीऐवजी पाय लिही."

म्या नाई बदललं. सही केली त्यायनं.

सोबत तीन कागद धाडतो. नवं पत्र, आन जुन्या दोन्हीच्या कार्बन कॉप्या. मेडिकलच्या फॉर्मची शेवटची तारीख दहा जून. नवं लावलं तर कॉलेजवाले हिंमतले चौकशीले बोलावतीन, मलेही. तरी लाव. मायले अजून सांगतलं नाई. तू आली की तुह्यासमोरच सांगीन.

आशीर्वाद लिवाले हात धजत नाई.

तुह्या पत्राचा टायपिस्ट,
शेषराव