मायची पहिली घागर

शिरपूर,
३ एप्रिल १९९६

प्रिय आधारभाऊ,

‘प्रिय’ हा शब्द सवयीने लिहिला गेला, त्यात जास्त काही शोधू नकोस. हिलाल परवा तुझी अक्षय्य तृतीयेची पत्रिका घेऊन आला. काकांचा मुलगा असूनही तो माझ्या घरात पाहुण्यासारखा अंग चोरून बसला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. आखाजीला मायची पहिली घागर भरायची आहे, लेक माहेरी आल्याशिवाय माय पाणी पिणार नाही, असा तुझा निरोप त्याने पाठ केल्यासारखा सांगितला. माय गेल्यापासून आठ महिन्यांत तुला मी आठवले नाही, घागरीला मात्र आठवले. मायला साधं पाणी ठेवू नकोस. चिमूटभर मीठ आणि मूठभर साखर टाक, म्हणजे तिला आपल्याच घरी आल्यासारखं वाटेल. हे पत्र शेवटपर्यंत वाच. शेवटी तुझ्याकडे एक मागणं आहे, आणि ते मागायला मला तुझ्याशिवाय दुसरं कोणी नाही, याचाच जास्त संताप आहे.

पत्रिका छान छापली आहेस. गुळगुळीत कागद, मायचा फोटो, खाली ‘समाजमाता कै. द्रौपदाबाई’. स्वागत कमानीचं उद्घाटन, मग माजी सभापतींचं भाषण, मग आमरसाचं जेवण. आणि वर ते वाक्य, ‘चंदनासम देह झिजविला’. कोणी सुचवलं रे तुला? देह झिजवला म्हणे. झिजून जेवढा उरला होता तेवढा तिला द्यायचा होता, आणि तोच तू जाळलास. छापताना हात जरासुद्धा अडखळला नाही का?

आता ज्यांना तू मंडपात पुढच्या रांगेत बसवणार आहेस, त्यांची तोंडं मला चांगली आठवतात. चारचौघींसारखी नव्हती आपली माय. तिला अक्षर येत नव्हतं तेव्हा ती धरणगावच्या स्टँडवर भाजीची पाटी घेऊन बसायची आणि एसटीवरच्या पाट्या वाचायला शिकायची. गाडी लागली की कंडक्टरला विचारायची, ही कुठली, ती कुठली. गावाचं नाव ऐकायचं आणि अक्षरांकडे बघत राहायचं. पहिला शब्द तिने वाचला तो एरंडोल. लोकांची सुरुवात श्री गणेशापासून होते, हिची एरंडोलपासून झाली. वाचता आलं की बाई थांबेल, असं वाटलं होतं. ती कसली थांबते! हगवणीच्या त्या उन्हाळ्यात भिल्लांच्या वस्तीतली, भिलाटीतली पोरं पटापट गेली, तेव्हा ही सरकारी दवाखान्यात जाऊन नर्सबाईच्या मागे लागली आणि मीठ-साखरेचं पाणी शिकून आली. मग तांब्या आणि चमचा घेऊन घरोघर. आपल्या गल्लीत तिला ‘डॉक्टरीन’ म्हणून चिडवायचे. भिलाटीत जाऊन आली म्हणून शेजारच्या भिकुबाईने तिला ओट्यावर चढू दिलं नव्हतं. त्याच भिकुबाईचा नातू डोळे फिरवायला लागला तेव्हा माय त्याच ओट्यावर बसून चमच्याचमच्याने त्याला पाणी पाजत होती. भिकुबाई आता म्हणे कमानीला नारळ फोडणार आहे.

आणि तू? सायकल शिकताना माय शाळेच्या मैदानात पडली, लुगडं चेनमध्ये अडकलं, तेव्हा तू मित्रांबरोबर पारावर होतास. तू उठला नाहीस. घरी येऊन मात्र तू ताट सरकवलंस आणि म्हणालास, या वयात हे काय थेर. सायकल चालवता यायला लागली म्हणून माय गुडघ्याला हळद लावत हसत होती. ती म्हणाली, “पडनू म्हनीसन काय व्हयनं? आते चालाडता ई ऱ्हायनं.” मलाही तिचा राग यायचा, ते काही लपवत नाही. माझी वेणी घालायला तिला कधी वेळ मिळाला नाही, आणि दुसऱ्यांच्या पोरींना शाळेत घालायला ती दोन-दोन गावं सायकलने जायची. माझ्या लग्नाच्या हळदीतून उठून ती एका बाळंतिणीकडे गेली होती. पण मला तिची लाज कधी वाटली नाही. तुला वाटायची. आज त्याच लाजेवर तू सिमेंटची कमान बांधतो आहेस.

धुळ्याचं तुला माहीतच नाही, कारण तू कधी विचारलं नाहीस. आपल्याच गल्लीतल्या पुनाच्या बायकोला अडलेली म्हणून धुळ्याला नेलं, तेव्हा माय बरोबर होती आणि मी शिरपूरहून तिथे गेले होते. बाळंतपण नीट झालं. दुसऱ्या दिवशी माय तिथल्या एका बाई डॉक्टरांच्या मागे लागली. इतकी वर्षं मी हातांनी चाचपून बाळंतपणं केली, आत कसं असतं ते एकदा दाखवा, म्हणाली. बाई भली होती. तिने मेडिकल कॉलेजात नेलं आणि कमरेची हाडं मायच्या हातात दिली. माय ती हाडं उलटीपालटी करून बघत होती, त्यातून आपली मूठ घालून बाहेर काढत होती. तिचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नाही. मग तिने विचारलं, ही कोणाची? बाईंनी सांगितलं, ज्यांना मेल्यावर न्यायला कोणी येत नाही, त्यांची. मायने हाडं बाईंच्या हातात परत दिली. परतीच्या गाडीत ती म्हणाली, “ज्यासले कोनी नही, त्यासनीच शिकाडानं का? मी मरनू का मले तठे देजो.”

हे मला एकटीला सांगितलं असतं तर तुला सुटायला वाट होती. पण मागच्या आखाजीला आपण दोघं ओट्यावर बसलो होतो. तुझ्या हातात सांजोरी होती. माय समोर येऊन बसली आणि तिने धुळ्याच्या कॉलेजचं नाव घेऊन सरळ सांगितलं. “मले जाळजात नका. तठे पोरे शिकतस, मनं आंग त्यासले देजात.” तू म्हणालास, हो माय. मी ऐकलं. वर तू म्हणालास, तुला अजून पुष्कळ आयुष्य आहे. तिने तुझ्या डोक्यावरून हात फिरवला, कारण तिला वाटलं मुलाने ऐकलं. लिहून घेऊ का, असं मी विचारलं तर ती माझ्यावरच चिडली. माझ्या पोराचा शब्द आहे, कागद कशाला, म्हणाली. हेच तिचं चुकलं. सगळं शिकली, फक्त तुला ओळखायला शिकली नाही.

आठ महिने मी समजत होते की पावसात फोनच्या तारा तुटल्या. माय सकाळीच गेली, आणि माझ्या शाळेत निरोप आला तो दुपारी शेवटचा तास चालू असताना. मी तशीच जीप करून निघाले. मायला घ्यायचं आणि तसंच धुळ्याला जायचं, एवढंच डोक्यात होतं. अमळनेरच्या पुढे रस्त्यात पाणी होतं, ड्रायव्हर कुरकुरत होता, आणि मी त्याला सांगत होते, आमच्या गावात लेक आल्याशिवाय मढं उचलत नाहीत, थांबतील. पाटलांच्या म्हातारीला सुरतहून लेक यायची म्हणून एक दिवस ठेवलं होतं. भिलाटीतसुद्धा थांबतात. मी पोहोचले तेव्हा नदीकडून माणसं परत येत होती, अंग पुसत. मी मायचं तोंड पाहिलं नाही. मी धूर पाहिला.

परवा हिलाल चहा पिता पिता रडायला लागला. तू त्याला धरणगावला फोन करायला सकाळीच पाठवलं होतंस, आणि सांगितलं होतंस की दुपार होऊ दे, मग कर. तो स्टँडवर बसून राहिला होता, मायच्या भाजीच्या जागेजवळ. त्याला दोष देऊ नकोस. त्याचं पोट तुझ्या शेतावर आहे. तारा तुटल्या नव्हत्या. लेक येईल ती जीप घेऊन येईल, हे तुला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तू लेकीच्या आधी मायला उचललंस. आपल्या गावात हे कोणी केलं नव्हतं भाऊ. वैऱ्याच्या घरीही नाही.

तुझं कारणही हिलालने सांगितलं. तुझ्या मुलीची सोयरीक पारोळ्याला नुकतीच जमली होती. पारोळ्याची माणसं म्हणतील, यांनी म्हातारी चिरायला दिली, अग्नी द्यायलाही यांना जड झालं. म्हणतीलही. म्हटलं असतं तर तू सांगायचं होतंस, माझ्या आईचं मागणं होतं. माय आयुष्यभर लोकांची बोलणी ऐकत आली आणि तिचं काही अडलं नाही. तुला एक दिवस ऐकून घेता आलं नाही. आणि मुलीचं लग्न लागलंच ना? त्या पोरीला अक्षर, सायकल, अंगाची माहिती, सगळं आजीने दिलं. तिला विचारलं असतंस तर तिने तुला हात धरून जीपपाशी आणलं असतं. तू विचारलं नाहीस, कारण तिचं उत्तर तुला माहीत होतं.

आता मागणं. मी आखाजीला येणार नाही. कमानीवर नाव कोर, भाषणं कर, जेवणावळ घाल, मी आडवी येत नाही. जानेवारीत माझं धुळ्याला ऑपरेशन झालं, ते तुला कळवलं नव्हतं. पोटातली गाठ काढली, ती पुन्हा धरली आहे. डॉक्टर शब्द फिरवत होते, मीच सरळ विचारलं, त्यांनी सरळ सांगितलं. पुढची आखाजी मला दिसणार नाही. तुझे मेहुणे गेले, मूलबाळ नाही, म्हणून मी गेल्यावर माझ्या अंगाचं काय करायचं ते तुलाच विचारतील. मायने सांगितलं होतं ते मी माझ्यासाठी लिहून दिलं आहे, पण घरच्या माणसाने नको म्हटलं तर कॉलेजवाले हात लावत नाहीत. म्हणजे मायच्या वेळी जे तुझ्या हातात होतं, ते पुन्हा तुझ्याच हातात येतं आहे. मी तुला माफ केलेलं नाही, आणि तेवढ्या दिवसांत करीन असंही वाटत नाही. पण निरोप मिळाला की तू स्वतः ये, कोणाला पाठवू नकोस. मला गावी नेऊ नकोस. गाडीत माझ्याबरोबर बसून धुळ्यापर्यंत चल. आणि लोक विचारतील, बहिणीला अग्नी का दिला नाही, तेव्हा मान खाली घालू नकोस. तिने सांगितलं होतं, आणि मी हो म्हटलं होतं, असं चारचौघांत मोठ्याने म्हण.

दुसरं कोणी नाही म्हणून तुझीच,
सुनंदा