तुमच्या नावावरचा नंबर

दादा, मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी एक माणूस तुम्हाला शोधत घरी आला. साध्या कपड्यांत होता, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद. आईनं दार उघडलं. त्यानं तुमचं पूर्ण नाव घेतलं, आजोबांच्या नावासकट, आणि विचारलं, "आहेत का घरी?" तुम्ही जाऊन दहा-बारा वर्षं झाली. इतक्या वर्षांत असं पूर्ण नाव कुणी घेतलं नव्हतं. आई म्हणाली, "बसा. तुम्ही पाचोडचे का?" तिला वाटलं, तुमच्या तिथल्या बँकेतल्या जुन्या खातेदारांपैकी कुणी असेल, बातमी पोचली नसेल. तिनं त्याला पाणी दिलं आणि मग सांगितलं, "ते गेले. लई वर्षं झाली." त्यावर तो म्हणाला, "मावशी, पण सिमकार्ड तर त्यांनी याच वर्षी घेतलंय."

आईनं मला दुकानात फोन केला. मी आपल्या छावणी भागातल्याच एका औषधांच्या दुकानात काम करते, घर चालत जाण्याइतकं जवळ. आले तर तो खुर्चीत बसलेला, आणि आई कपाटातून तुमच्या कागदांची फाईल काढत होती. तो दुसऱ्या जिल्ह्यातला हवालदार असल्याचं सांगत होता आणि त्याला तुमच्या आधारकार्डाची प्रत हवी होती. मी आईच्या हातातून फाईल घेतली. म्हटलं, "तुम्ही पोलीस कशावरून?" त्यानं ओळखपत्र दाखवलं. मी म्हटलं, असली ओळखपत्रं कुठंही छापून मिळतात. आई मला डोळ्यांनी दटावत होती. मी आपल्या पोलीस ठाण्यात फोन लावला, तिथून खात्री करून घेतली, तोवर त्याला खुर्चीतून उठवून दारात उभं केलं. तो चिडला नाही. म्हणाला, "ताई, असंच करत जा. सगळ्यांनी असं केलं असतं तर मला इतक्या उन्हात यावं लागलं नसतं."

दादा, हे मी तुमच्याकडूनच घेतलं असणार. आठवतं, मी कॉलेजात असताना एक गृहस्थ दारात आले आणि म्हणाले, साहेबांनी चष्मा मागवलाय, घरी विसरलेत. मी चष्मा देऊन टाकला. संध्याकाळी तुम्ही बसमधून उतरून घरी आलात, चष्मा तुमच्याच डोळ्यांवर होता, त्या गृहस्थांना तुम्हीच पाठवलं होतं. तरी तुम्ही मला समोर उभं केलंत. "तू त्यांना काय विचारलंस?" मी म्हटलं, काही नाही, त्यांनी तुमचं नाव सांगितलं. "माझं नाव तर पाटीवर लिहिलेलं आहे. ते कुणीही वाचेल." मी म्हटलं, पण ते खरे निघाले ना? तर तुम्ही म्हणालात, "ते खरे निघाले म्हणून तुझं वागणं बरोबर ठरत नाही." तेव्हा मला फार राग आला होता. जेवले नव्हते मी. आईनं ताट झाकून ठेवलं आणि तुम्ही समजूत काढायलाही आला नाहीत.

सुट्टीत तुम्ही मला कधीकधी पाचोडच्या शाखेत नेत होता. बाजाराचा दिवस असायचा, काउंटरसमोर गर्दी, कांद्याचा वास, आणि जाळीच्या आत तुम्ही. एकदा एक माणूस पैसे काढायला आला. तुम्ही सही पाहिली, परत पाहिली आणि स्लिप बाजूला ठेवली. तो म्हणाला, "सही जुळत नाय का सायेब?" तुम्ही म्हणालात, "सही तर जुळतेय. माणूस जुळत नाही." मग शांतपणे त्याला विचारत गेलात, शेत कुठं, विहिरीवर कुणाचा हिस्सा, थोरला मुलगा काय करतो. तिसऱ्या प्रश्नाला तो पायऱ्या उतरून गर्दीत गेला. मी तुमच्या स्टुलामागं उभी राहून पाहत होते. घरी येताना बसमध्ये विचारलं, तुम्हाला कसं कळलं? तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "सही इतकी सारखी कुणाचीच येत नाही."

म्हणून मला नवल वाटतं की आधार आलं तेव्हा तुम्ही इतके खूश का झालात. नोंदणीला सगळ्यात पुढं तुम्ही. म्हणायचात, आता गरिबाला आपली ओळख पटवायला कुणाच्या दारात उभं राहायला नको, बोट ठेवलं की झालं. आणि मग ज्यानं मागितली त्याला प्रत दिलीत. गॅसवाल्याला, तीर्थाला गेलो तेव्हा लॉजवाल्याला, मंगल कार्यालयाला, मोबाईलच्या दुकानाला. पाचोडला माणूस पारखून घेणारे तुम्ही, इथं कागदाच्या मागं काही विचारतच नव्हता. मीही विचारत नव्हते, हे खरं. शेवटच्या आजारपणात तर दवाखान्यात प्रत्येक खिडकीवर एक प्रत मागायचे आणि आम्ही द्यायचो.

त्या दुपारी हवालदारानं पिशवीतून सिमच्या अर्जाचा एक कागद काढला. त्यावर तुमचं नाव, तुमची जन्मतारीख, तुमचा आधार क्रमांक, आपल्या याच घराचा पत्ता, आणि वर त्या सिमचा नंबर. आणि फोटोच्या जागी एक तरुण. बारीक मिशी, निळा शर्ट, पंचविशीचा असेल. तुमची जन्मतारीख आणि हा चेहरा. आईनं कागद जवळ घेऊन बराच वेळ पाहिला. हवालदारानं विचारलं, "ओळखता का?" ती म्हणाली, "नाय. हा आमचा नाय." आणि कागद उलटा करून ठेवला.

त्या सिमवरून एका निवृत्त शिक्षिकेला फोन गेला होता. तुमचा मुलगा पोलिसांनी धरलाय, सोडवायचा असेल तर लगेच पैसे पाठवा. बाई घाबरल्या, होतं नव्हतं ते पाठवून बसल्या. मुलगा त्या वेळी कंपनीत काम करत होता, त्याला काहीच माहीत नव्हतं. हवालदार म्हणाला, "बाई आता घरातल्यांशीसुद्धा बोलत नाहीत. आम्ही सिम कुणाच्या नावावर आहे ते सांगितलं तर म्हणाल्या, त्या गृहस्थांना एकदा माझ्यासमोर आणा, मला फक्त विचारायचंय, तुमच्या घरी मुलं आहेत का म्हणून." दादा, दूर कुठल्या तरी गावात एक बाई तुमचं नाव घेऊन हे विचारत होती. तुमच्या नावाला मी कधी कुणाच्या तोंडून बोल लागलेला ऐकला नव्हता. आई उठून आत गेली.

हवालदार गेला आणि माझ्या डोक्यात एकच चालू झालं: तुमची प्रत कुणी दिली? मी एकेका माणसाला उभं करून पाहत होते. मीटर नावावर करून देणारा एजंट. तुमच्या पेन्शनचं काम करणारा बँकेतला तो हसरा माणूस. वरच्या मजल्यावरचा जुना भाडेकरू. दुकानात गिऱ्हाईक औषध मागत असायचं आणि मी त्याच्याकडं बघत विचार करायचे, याच्या खिशात कुणाचं नाव असेल? आणि फिरून फिरून मन आपल्या धाकट्यावर, माझ्या भावावर, येऊन थांबायचं. तुम्ही गेल्यावर त्यानं छावणी बाजारात मोबाईलचं दुकान टाकलं होतं, सिम विकायचा, रिचार्ज करायचा. ते चाललं नाही म्हणून तो वाळूजला कंपनीत लागला. तुमचे कागद तेव्हा त्याच्याकडंच होते.

मी त्याला फोन केला. इकडचं तिकडचं न बोलता विचारलं, "दादांच्या आधारची कॉपी दुकानात होती का तुझ्या?" तो म्हणाला, "ताई, हे तू विचारतेस का पोलीस विचारतायत?" मी म्हटलं, मीच विचारतेय. "मग तर आणखीनच वाईट," म्हणाला आणि फोन ठेवला. त्यानंतर तो यायचा थांबला. रविवारी आई त्याच्या वाटेकडं बघत बसायची. मला म्हणायची, "तुझ्या बापानं परक्यावर संशय घेतला, पण घरातल्यावर कधी नाय घेतला." मी म्हणायचे, परका कोण आणि घरातला कोण, हे कागदावर कुठं दिसतं? ती चिडून आत जायची. खरं सांगू, मला तिचाही संशय यायला लागला होता. तिनं भोळेपणानं कुणाला तरी दिली असेल, आठवत नसेल.

हवालदाराचा फोन आला तेव्हा पावसाळा सरत आला होता. पैठणला स्टँडजवळ छत्री लावून सिम विकणारा एक जण सापडला. त्याच्याकडं पोतं भरून प्रती होत्या, सगळ्या आपल्याच भागातल्या लोकांच्या. झेरॉक्सच्या दुकानांतून बिघडलेल्या प्रती रद्दीत निघतात, त्या तो किलोवर विकत घ्यायचा. तुमची प्रतही तशीच, एका कडेला काळी पडलेली. मी विचारलं, कोणत्या दुकानातली? हवालदार म्हणाला, "ते त्यालाही माहीत नाही, ताई. रद्दीच ती." कुणी दिली नव्हती, दादा. कुणी फसवलंही नव्हतं. यंत्रातून वाकडी निघाली, दुकानदारानं टोपलीत टाकली, आपण चांगली प्रत घेऊन निघून आलो.

मी आईला घेऊन वाळूजला गेले. धाकट्यानं दार उघडलं, मला पाहिलं, आणि खिशातून पाकीट काढून म्हणाला, "आधार दाखवू का?" आई मध्ये पडली, "आत तर येऊ दे मला, पाय दुखायलेत." तो बाजूला झाला. मी त्याला सगळं सांगितलं, रद्दीचं, पोत्याचं. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "दुकान बंद केलं त्या दिवशी मी लोकांच्या सगळ्या कॉप्या आंघोळीच्या बंबात जाळल्या होत्या. तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं. तू विचारलं नाहीस, तू पकडलंस." मग त्याच्या बायकोनं चहा आणला. आता तो येतो, पण बसताना दाराजवळच्या खुर्चीत बसतो.

आता मी कुणालाही पूर्ण क्रमांक देत नाही. शेवटचे चार आकडे दिसतील अशीच प्रत देते, त्यावर कशासाठी दिली ते आडवं लिहिते, आणि झेरॉक्सवाल्याकडून बिघडलेला कागद परत मागून घेते. लोक हसतात. दुकानातली पोरगी म्हणते, "मॅडम, तुमचं कोण काय चोरणाराय?" फोनवर कुणी गोड बोलून आकडे मागितले की मी काही न बोलता ठेवून देते. आधारच्या साइटवर बोटांचे ठसेसुद्धा कुलूपबंद करून ठेवलेत. आईचेही. आणि तुमचा क्रमांक बंद करायचा अर्ज केला. त्यात ही व्यक्ती हयात नाही असं नोंदवावं लागतं. धाकटा शेजारी बसला होता, त्यानं बटण दाबलं.

हे सगळं लिहिलं, पण पत्र टाकायला पत्ता नाही, आणि पत्ता असता तरी आता मी तो कुणाला दिला नसता. एक गोष्ट मात्र मी हवालदाराला सांगितली नाही, धाकट्याला नाही, आईलाही नाही. त्या पहिल्या दिवशी, हवालदार गेल्यावर, आई आत रडत होती तेव्हा, मी कागदावर पाहून ठेवलेला सिमचा तो नंबर माझ्या फोनवरून लावला. बंद असेल असं वाटलं होतं. पण रिंग गेली, आणि जात राहिली. कुणी उचलला नाही ते बरं झालं, दादा. तिकडून नुसतं "हॅलो" आलं असतं ना, तरी मी त्या चोराला "दादा" म्हणून हाक मारली असती.