संघीचं विश्व आणि माझा जिना

३ मार्च, सोमवार
ही वही फक्त माझ्यासाठी. मी म्हातारी, मला लिहाय येत न्हाय, म्हणून नात संघप्रिया, आमची संघी, लिहिते. लिहिणारीनं वाचायचं न्हाय, असं ठरलंय.
खुब्याचं हाड मोडून सहा महिनं झालं. पोराकडं तिसऱ्या मजल्यावर हाय, लिफ्ट न्हाय. पोरगा प्रसेनजीत म्हणतो, जिना उतरशील त्या दिवशी तुला कबनूरला तुझ्या घरी सोडतो. आजच उतरलो असतो. पण शुक्रवारी संघीचा कॉलेजात सेमिनार, ती माझ्यापुढं घोकते. सून वर्षाराणी म्हणते, तुम्हाला उठून जाता येत न्हाय म्हणून. तसं न्हाय. पोरीला माझी गरज हाय.

४ मार्च
विषय असा. विश्व सुरवातीला एका क्षणात फुगलं. फुगून गार पडलं, रिकामं. मग तापलं कसं? म्हटलं, माझं घरबी गारच पडलंय, मी गेल्याबिगर तापायचं न्हाय. संघी म्हणाली, आजी, बाहेरनं कोण येणार, बाहेर काय न्हायच. ज्यानं फुगवलं तेच, वाटीत गोटी हलावी तसं, खळग्याच्या तळाला मागंपुढं हलत राहिलं. हलता हलता ते आपणच सरलं, त्याचे कण झाले. कण एकमेकांवर आपटले, सगळं रटरटलं.
म्हटलं, हा तर लूमवर सुताची कांडी घेऊन पळणारा धोटा. तीस वर्षं कांड्या भरल्यात मी. मागंपुढं पळून पळून चटका देतो.
धोटा सरत न्हाय, म्हणाली.
बरं, सगळ्यास्नी तापवते ती सासू.
ते शेवटी उरत न्हाय, आजी.
मग सासू न्हवं.
आतनं वर्षाराणी हसली. उगंच.

५ मार्च, दुपारी
एक पायरी उतरलो. बाकीच्या तशाच असणार, म्हणून बघितल्या न्हाईत. संघीला सांगितलं, सेमिनारात धोटा घाल.

७ मार्च
सेमिनार झाला. टाळ्या पडल्या म्हणे. धोटा घातला न्हाय, पण टाळ्या त्याच्याच. आता मी मोकळी. रविवारी निघणार. जिना बसून उतरायचा, त्यात लाज कसली.

८ मार्च
कबनूरला शेजारी ऱ्हाणाऱ्या बाळाबाईला फोन लावला, कुलूप काढून घर झाडून ठेव म्हणून. म्हणाली, कुलूप कसलं, दिवाळीपासनं भाडेकरू हायत की. नवराबायको, तान्हं पोर. पहाटेपासनं पाणी तापतंय. तुझ्या पोरानंच ठेवलं, तुला सांगितलं न्हाय व्हय?
प्रसेनजीतला विचारलं. तो चप्पल घालून खाली गेला.
संघीला विचारलं, तुला ठावं होतं का गं?
लिहितेय. मान वर करत न्हाय.