तिघांत एक प्रत

ता. ४

॥ श्री ॥

ती. वन्संना शि. सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं. दोन रिळं, बटणांचा डबा आणि इथल्या तीन वार्ताहरांची नावं-पत्ते. टपालहशील तीस रुपये! बटणं इथं विसात मिळाली असती. पण नावं कुठल्या दुकानात मिळतात? देवानंच तुम्हाला इतकी वर्षं वर्तमानपत्राच्या कचेरीत वार्ताहरांचे फोन घ्यायला बसवलं.

आमच्या महिला मंडळाची शिवणखोली रिकामीच पडते, असं नगरपालिकेच्या साहेबांचं म्हणणं. वीस तारखेला ते बघायला येणार. बायका दिसल्या नाहीत तर कुलूप. ज्यांच्या घरी मशीन नाही त्यांनी जायचं कुठं? मशीन फुकट वापरता येते हे गावाला ठाऊकच नाही, म्हणून बातमी हवी.

ती आजच पाठवली. एकच प्रत, वर तुमच्या क्रमानं तिघांची नावं, आणि खाली लिहिलं, वाचून झाल्यावर पुढच्यांकडे द्यावी. आपली पत्रं नाही का भावंडांत फिरत? टपालही वाचलं. बातमी आधी ह्यांना दाखवली होती. चूक काढली नाही, म्हणजे वाचलीच नसणार.

लोभ आहे तसाच राहू द्यावा.
तुमची वहिनी

ता. ८

चि. सौ. वहिनीस अनेक आशीर्वाद.

इतकी हसले की शेजारीण काय झालं म्हणून बघून गेली. अगं बाई, ती भावंडं नव्हेत! एकाच्या आधी दुसऱ्यानं छापलं तर तिसरा जेवत नाही. प्रत्येकाला वेगळी प्रत दे. फोन सकाळी कर, संध्याकाळी त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. बातमी आली की आभाराच्या दोन ओळी लिही, आणि काम नसतानाही विचारपूस ठेव. नुसती कामापुरती आठवण काढणारी नणंद तुला चालली असती का?

माझ्या भावाला एक प्रत लिहायला बसव. अक्षर तेवढं बरं आहे त्याचं.

माया आहेच, मागायला नको.
तुझी वन्सं

ता. २१

॥ श्री ॥

ती. वन्संना शि. सा. न. वि. वि.

प्रती लिहायला बसलो, तोच पहिल्याची बातमी छापून आली. त्यानं कागद खरंच पुढं दिला हो, पण छापून झाल्यावर! दुसरा तणतणत दारात आला, माझं नाव दुसरं का म्हणून. तिसऱ्यानं तर रुसून सगळ्यांत मोठी बातमी छापली, फोटोसकट.

काल साहेब आले तेव्हा उंबऱ्यात चपलांना जागा नव्हती. मशीनसाठी बायकांचं भांडण चाललं होतं, ते त्यांनाच मिटवावं लागलं. देवाच्या कृपेनं खोली आणखी वर्षभरासाठी राहिली. मात्र अशीच भरलेली दिसली पाहिजे, असं बजावून गेलेत.

तिघेही वार्ताहर हजर होते. यापुढं फोन कुणाला करायचा, असं त्यांनी विचारलं. मंडळातल्या सगळ्याजणी माझ्याकडे बघायला लागल्या आणि लगेच नको नको म्हणाल्या. मग मी तुमचं नाव सांगून टाकलं. तुम्हाला न विचारता सांगितलं, रागवा हवं तर. पण वर्षभर खोली भरलेली ठेवायची तर हे काम माझ्या हाती ठेवून कसं चालेल? निवृत्त झाल्यापासून तिकडे एकटीनं बसायचं, फोनला हात लावायचा नाही, यात तरी काय आहे?

घरातली मागची खोली तुमच्यासाठी झाडून ठेवली आहे. कधी येताय ते उलट टपाली कळवावं.

तुमची वहिनी