मेहुण्याची पाचर

चिमीच्या आईस,

मी धडधाकट आहे. हे आधीच लिहितो, कारण तुझ्या भावाने तुला भलतंच कळवलं असणार.

आमच्या होडीला एकच शीड आणि पार पुढच्या टोकाला एकच डोलकाठी. वाटेत बुटका पूल लागतो, म्हणून काठी रोज आडवी करायची नि पलीकडे गेल्यावर पुन्हा उभी करायची. तिला दोरांचा आधार नाही. ती भोकात बसवली की पुढून मी पाचर ठोकतो, मागून तुझा भाऊ.

त्याची पाचर मला नेहमी सैलच वाटते. परवा त्याची पाठ वळल्यावर मी ती उपसून पाहिली. चांगली घट्ट होती गं! पण तेवढ्यात तो वळला, म्हणून मी ती खिशात टाकली. शीड चढवलं, वारा भरला आणि काठी माझ्या कानाजवळून थेट पाण्यात. माझी पाचर कुठे गेली म्हणून पाहतो, तर त्याच्या खिशात! तपासायला काढली होती म्हणे.

काठी अजून आडवीच आहे. उचलायला दोन्ही हात मोकळे लागतात, आणि हातातली पाचर खाली ठेवायला कोणी तयार नाही.

चिमीचा खोकला गेला का? उत्तराचं पाकीट नीट चिकटव. इथलं टपाल तोच आणतो.

चिमीचा बाबा