थांबा, नवा येतोय

प्रिय सिद्धी,

तुझं पत्र येऊन दोन महिने होत आले आणि मी उत्तर टाळत आलो, हे आधी कबूल करतो. फोनवर मी विषय बदलतो म्हणून तू कागदावर विचारलंस, आणि तेही एवढंच, की नक्की कधी? पुणं सोडताना मी म्हणालो होतो, पुढच्या वर्षीच्या दसऱ्याला लग्नाचं पक्कं सांगतो. दसरा होऊन तीन आठवडे झाले. तू घरी काय सांगत असशील याचा विचार येतो, आणि मग मी लगेच दुसरा विचार करायला लागतो. ती सवय तुला माहीत आहे.

मी अजून जयनगरलाच आहे, जयसिंगरावांच्या दुकानात. गेमचे कन्सोल दुरुस्त करतो, जुने घेतो-विकतो. चौदा महिने झाले. हसू नकोस, याआधी पाच महिन्यांच्या वर मी कुठे टिकलो होतो? जयसिंगरावांचे पूर्वज तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे कानडी मुलखात आले. त्यांचं मराठी मला पहिला आठवडा कळतच नव्हतं. 'स्वल्प सरक की रे, उजेड येऊंदे' म्हणतात, आणि आपण सरकायचं. इथली कॉफी एवढ्याशा पेल्यात देतात, पण त्यावर मी दोन पानं लिहीन, म्हणून राहू दे.

सांगायचं होतं ते डब्याचं. इथे आयुधपूजेला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, दुकानातल्या सगळ्या यंत्रांना हळद-कुंकू लावून झेंडूची फुलं वाहतात. सोल्डरिंगची सळईसुद्धा सुटत नाही. आमच्याकडे त्या दिवशी आणखी एक प्रकार असतो. आता सगळीकडे चालतोय तो कन्सोल जाऊन त्याच्या जागी नवा कधी येणार, हे नेहमीची गिऱ्हाइकं चिठ्ठीवर लिहून बिस्किटाच्या डब्यात टाकतात. डबा पुढच्या वर्षी उघडायचा. बरोबर निघेल त्याला महिनाभर गेम फुकट.

मी आल्या आल्या ठोकून दिलं, पुढच्या दसऱ्याच्या आत. माझा हिशेब सोपा होता: आधीचे दोन सहा-सहा वर्षांनी बदलले, याला सहा पूर्ण होतायत. त्याच सुमारास आत्ताच्याच यंत्राचा नवा रंग येईल असंही मी बोललो होतो आणि तो महिन्याभरात बाजारात आला, तो निव्वळ योगायोग. पण पोरं मला ज्योतिषी म्हणायला लागली आणि ते मला आवडलं. जयसिंगराव तेवढे मान हलवायचे. म्हणायचे, 'पडलेलं यंत्र कंपनी लगेच बदलते रे. हे तर अजून खपतंय. जेवणाऱ्याच्या पानात भात आहे तोवर पान कोण उचलतं?' मी म्हटलं, अण्णा, तुम्ही जुन्या काळातले. ते म्हणाले, 'सरी, बरं तर. तू नव्या काळातला, मग चिठ्ठीवर सही कर.' मी केली.

गेल्या वर्षी कार्तिकात अनुसूयाअक्का आल्या. चामराजपेटला राहतात, शाळेत शिकवायच्या. त्यांच्या यजमानांचा उजवा हात अर्धांगाच्या झटक्यानंतर नीट उचलला जात नव्हता. व्यायाम करून घेणारी मुलगी त्यांना म्हणाली होती, ते रबरी चेंडू दाबायला कंटाळतात, तर हातात रिमोट धरून बोलिंगचा गेम खेळू द्या. अक्कांनी पिशवी काउंटरवर ठेवली आणि विचारलं, हाच घेऊ का नवा येणार आहे? जयसिंगराव बँकेत गेले होते. मी ज्योतिषी. म्हटलं, अक्का, थांबा, नवा येतोय, दसऱ्याच्या आत. त्या पिशवी उचलून गेल्या.

नवा आलेला नाही. कधी येणार कोणालाच माहीत नाही. यंदा डबा उघडला, माझी सही सगळ्यांनी वाचली, हसले, मीही हसलो. गेल्या सोमवारी अक्का परत आल्या. तक्रार करायला नाही गं. म्हणाल्या, डॉक्टर म्हणतात, हात परत येण्याचे महिने बहुतेक निघून गेले, तरी त्यांना खेळायची हौस आहे. आणि मग मलाच विचारलं, 'आता घेऊ का बाळ, की अजून स्वल्प थांबू?' इतक्या विश्वासाने, की मला त्यांच्याकडे बघवेना. मी यंत्र घेऊन त्यांच्या घरी गेलो, जोडून दिलं. यजमान डाव्या हाताने खेळले आणि जिंकले. परत आल्यावर जयसिंगरावांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, 'माहीत नव्हतं तर माहीत नाही म्हणायचं होतंस की.'

सिद्धी, हे पत्र त्या एका वाक्यासाठी लिहितोय. लग्नाची तारीख मला माहीत नाही. दसरा म्हणालो तेव्हाही माहीत नव्हती. तू गप्प राहावंस आणि मी शहाणा दिसावं म्हणून म्हणालो. मी आणखी सुधारेन, पगार वाढेल, मग एक वेगळाच मल्हार तुझ्या दारात येईल, असं मी तुला भासवत राहिलो. तसा कोणी येताना मला तरी दिसत नाही. आहे तो हाच, एका खोलीत राहणारा, हातावर सोल्डरचे डाग असलेला. हा चालत असेल तर तारीख तू सांग, मी येतो. चालत नसेल तर तसं स्पष्ट कळव, पण माझ्या शब्दावर आणखी एक दिवसही थांबू नकोस.

दुपारचे दोन वाजलेत, शटर अर्धं खाली आहे. त्याखालून आत्ता कोणीतरी वाकून आत आलं, हातात पुण्याच्या मिठाईवाल्याची पिशवी. तुझे बाबा आहेत. जयसिंगरावांनी त्यांना स्टूल दिलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. बाबा माझं लिहून व्हायची वाट बघतायत. आता हे पोस्टात टाकत नाही. घडी घालून त्यांच्याच हातात देतो, आणि म्हणतो, आधी तुम्ही वाचा.

तुझाच, आहे तसा,
मल्हार